आहार आणि कर्करोग: एकेका पदार्थाला दोष देणे कितपत योग्य?

धागाकर्ता:
'अमुक खाल्ल्याने कर्करोग होतो, तमुक खाल्ल्याने टळतो' असे ठामपणे सांगणाऱ्या मजकुरात पुराव्याचा भाग फार थोडा असतो, असे माझे मत आहे. फळे-भाज्या भरपूर खाणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळतो, म्हणून एके काळी त्याचे श्रेय त्यांतील बीटा-कॅरोटीन या रंगद्रव्याला दिले जात होते. परंतु फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली, तेव्हा १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत त्याच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये हा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्तच निघाला. अमेरिकेत सुमारे ४९ हजार स्त्रियांवर झालेल्या कमी स्निग्धांशाच्या आहाराच्या चाचणीतही (२००६) स्तनांच्या कर्करोगात निर्णायक घट दिसली नाही.

प्रतिसाद १:
असहमत. गोळी म्हणजे आहार नव्हे, त्यामुळे आपले पहिले उदाहरण फार तर गोळ्यांच्या विरोधात जाते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली प्रक्रिया केलेल्या मांसाला पहिल्या गटात, म्हणजे निश्चितपणे कर्करोगकारक ठरलेल्या घटकांमध्ये टाकले. रोज ५० ग्रॅम असे मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा तिचा अंदाज आहे. बुरशी लागलेल्या धान्यातील आणि शेंगदाण्यांतील अफ्लाटॉक्सिन या विषामुळे यकृताचा कर्करोग होतो, विशेषतः हेपॅटायटिस-बी असलेल्यांना, हेही आता वादापलीकडचे आहे.

धागाकर्ता:
तो गट पुरावा किती पक्का आहे हे सांगतो, धोका किती मोठा आहे हे नव्हे. तंबाखूही त्याच गटात आहे, म्हणून दोन्ही सारखेच घातक ठरत नाहीत. शिवाय १८ टक्के ही वाढ सापेक्ष आहे: आयुष्यभरात १०० पैकी ५ जणांना हा रोग होणार असेल, तर ती संख्या ६ च्या आसपास जाते. बातम्यांत हे कधी छापून येते का?

प्रतिसाद २:
आपण दोघेही पदार्थांतच अडकला आहात. मद्य १९८८ पासून त्याच पहिल्या गटात आहे, कारण त्यापासून शरीरात तयार होणारे ॲसिटाल्डिहाइड डीएनएला इजा करते. तरीही 'थोडी चालते' म्हणणारे भेटतातच. त्याहून मोठा प्रश्न एकूण उष्मांकांचा आहे. चरबीच्या पेशी इस्ट्रोजेन हे संप्रेरक तयार करतात, अतिरिक्त वजनाने इन्शुलिनची पातळी वाढते, आणि कर्करोगाच्या १३ प्रकारांशी या वजनाचा संबंध असल्याचा पुरेसा पुरावा २०१६ साली मान्य झाला.

प्रतिसाद १:
वजनाचा मुद्दा मान्य. मात्र धागाकर्त्यांच्या दुसऱ्या चाचणीबद्दल सांगायला हवे की, त्यातील स्त्रिया सुरुवातीलाच ५० ते ७९ वर्षांच्या होत्या आणि पाठपुरावा सरासरी आठच वर्षांचा होता. ज्या रोगाला आकार घ्यायला अनेकदा दशके लागतात, त्याबाबत एवढ्या काळात घट दिसली नाही म्हणून आहाराचा प्रभाव नाही, असा निष्कर्ष निघत नाही.