रॉड मॅरिनेली: ग्रेट कोच की नुसता ०-१६ वाला?

उनाड_पाखरू: अमेरिकन फुटबॉलचा कोच मॅरिनेली, त्याचं नाव निघालं की कोणीतरी २००८ चे डेट्रॉईट लायन्स काढतंच, हा हेड कोच असताना सोळाच्या सोळा मॅच हरले म्हणून. अरे पण व्हिएतनामला लढून आलेल्या या माणसाने जवळजवळ आख्खं आयुष्य डिफेन्सिव्ह लाईनला, म्हणजे डिफेन्सच्या पुढच्या फळीला, शिकवण्यात घालवलं, १९९६ ते २००५ टॅम्पा बे, पुढे शिकागो, डॅलस, रेडर्स. हेड कोचची ती तीन वर्षं सोडा की आता. लाईन कोच म्हणून माझ्या मते एक नंबर.

तिरपागडा: सोडा कसं? तीन वर्षांत १० जिंकले ३८ हरले. वर डिफेन्स सांभाळायला कोण तर सख्खा जावई! प्रेसवाल्याने मुलीच्या लग्नावरून टोमणा मारला तो चीपच होता, पण बोलायला जागा कोणी दिली? आणि टॅम्पाच्या लाईनचा स्टार वॉरन सॅप तिथे १९९५ लाच आलेला, हा गेला ९६ ला. आयता हिरा.

शेवटचा_बाक: टॅम्पाचा डिफेन्स बघितलायस का नीट? ब्लिट्झ (मागच्यांनाही पुढे धाडणं) फारसा नाहीच, पुढच्या चौघांनीच क्वार्टरबॅकपर्यंत, म्हणजे बॉल फेकणाऱ्यापर्यंत, पोचायचं, बाकी सातजण मागे पास अडवायला, म्हणजे बॉल हलल्यावर हे चौघं जरा उशिरा उठले की सगळंच बोंबललं. मॅरिनेली व्हिडिओ लावून प्रत्येक प्ले बघायचा, बॉल लांब गेला म्हणून पळायचं कोण थांबलं, पाट्या कोण टाकतोय, सगळं मोजायचा. याला तिकडे लोफ म्हणतात. २००२ च्या सीझनला याच लाईनमधल्या सिमियन राईसचे १५.५ सॅक (क्वार्टरबॅकला बॉल फेकायच्या आधीच पाडणं), मग सुपर बोलला, म्हणजे फायनलला, रेडर्सना ४८-२१ ने धुतलं, पाच इंटरसेप्शन (समोरच्याचा पास मधेच पकडणं). नाव झालं मागच्यांचं, पण बॉल घाईत फेकायला लावला कोणी?

तिरपागडा: मग डेट्रॉईटला काय मोजायला विसरला? 😀 २००८ ला प्रीसीझनच्या (सीझनआधीच्या सरावाच्या) चारही मॅच जिंकले होते म्हणे.

उनाड_पाखरू: टीम लायन्सचा बॉस मॅट मिलनने भरलेली, त्याला तीन मॅचनंतर हाकलला, खापर मात्र याच्या डोक्यावर. २०१२ ला शिकागोचा डिफेन्स याच्याकडे होता, ४४ टेकअवे, म्हणजे ४४ वेळा समोरच्यांकडून बॉल हिसकावला!

तिरपागडा: आणि प्लेऑफ? नाही. बरं, रेडर्सचा मॅक्स क्रॉसबी बघ, हा यायच्या आधी १० सॅक, आल्यावर ७.

शेवटचा_बाक: सोयीचंच उचल तू. डॅलसचा डिमार्कस लॉरेन्स, २०१४ ला सॅक शून्य, २०१७ ला १४.५, तो पण आयता का?

तिरपागडा: २०१४ ला पाय मोडला होता त्याचा, अर्धा सीझन बाहेर होता. हे पण लिही ना.