'कोमॉस' म्हणजे मेजवानी नव्हे

बायबलच्या नव्या करारातल्या गलतीकरांस पत्रात (५:२१) प्रेषित पौल वाईट कृत्यांची यादी देतो. त्यातल्या 'कोमॉस' या ग्रीक शब्दाचा अर्थ काही जण 'मेजवानी' लावतात, ते मला पटत नाही. जेवणावळीला नव्या करारात वेगळे शब्द आहेत. येशूचा शिष्य झालेला जकातदार लेवी त्याच्यासाठी घरी मोठी मेजवानी करतो (लूक ५:२९), तिथे 'दोखे' आहे. रात्रीच्या मुख्य जेवणाला 'देइप्नॉन'. कोमॉस मात्र तीनदाच येतो: रोमकरांस १३:१३, गलतीकरांस ५:२१ आणि १ पेत्र ४:३. तिन्ही ठिकाणी अनेकवचनी, आणि तिन्ही ठिकाणी शेजारी दारू आहेच.

याचं कारण ग्रीकांच्या रिवाजात सापडतं. आधी देइप्नॉन, मग 'सिंपोसिऑन' म्हणजे पिण्याची बैठक, आणि चांगली चढली की डोक्यावर माळा, हातात मशाली घेऊन गात-नाचत टोळकं रस्त्यावर निघायचं, कुणाच्याही दारात जाऊन गोंधळ घालायचं. तो कोमॉस. तत्त्वज्ञ प्लेटोच्या 'सिंपोसिऑन' याच नावाच्या संवादात अथेन्सचा पुढारी अल्किबियादीस असाच येतो: तर्र झालेला, डोक्यावर आयव्ही आणि व्हायोलेटचा जाड मुकुट, वाद्य वाजवणाऱ्या मुलीचा आधार घेतलेला, बैठकीचा यजमान आगाथॉन कुठे आहे म्हणून ओरडणारा.

हे चित्र डोळ्यांपुढे ठेवून रोमकरांस १३ वाचा. 'रात्र सरत आली आहे, दिवसा शोभेल असं वागू या' असं म्हणून पौल लगेच कोमॉसचं नाव घेतो. रात्रीचाच प्रकार तो! (इ.स. ३८६ मध्ये मिलानच्या बागेत, पुढे ख्रिस्ती संत झालेल्या ऑगस्टीनने पौलाच्या पत्रांचं पुस्तक उघडलं तेव्हा त्याच्या नजरेला पडली ती हीच ओळ.)

मग मराठीत काय म्हणावं? 'रंगेलपणा' जवळ जातो, पण तो माणसाचा स्वभाव झाला. कोमॉस हा घडणारा प्रकार आहे. 'चैनबाजी'त पैशाची उधळण आधी दिसते. मी 'रात्रीचा धिंगाणा' म्हणेन. दारू शेजारच्या शब्दात येतेच, ती इथे पुन्हा घालायची गरज नाही.

गलतीकरांस ५:२१ या वचनावरून लग्नाच्या पंगतीलाही नावं ठेवणारे भेटतात, म्हणून एवढं लिहिलं. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या (येशूच्या आठवणीसाठी एकत्र जेवण्याच्या) वेळी एक उपाशी राहायचा आणि दुसरा झिंगायचा (१ करिंथकरांस ११:२१). पौल त्यांना चांगलाच फैलावर घेतो, तरी तिथे कोमॉस हा शब्द वापरत नाही आणि एकत्र जेवणं बंद करा असंही सांगत नाही. जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा, असं सांगतो.