संत्र्याची व्हिस्की सावर (व्हिस्कीचं आंबटगोड कॉकटेल) घरी कशी जमवायची?

धरमपेठकर: भाऊ, मृग बहाराची (पावसाळ्यातल्या फुलोऱ्याची) संत्री आणली, म्हटलं रस काढून व्हिस्कीत टाकू, पण मिक्सरमधला रस तासाभरात कडू झाला अन् वरून सगळं पाणचट लागून रायलं. काय चुकलं?

संत्रानगरी: मिक्सरमध्ये बिया अन् फोडींची सालं फुटतात, कडूपणा तिथूनच. लिमोनिन म्हणतात त्याला, रस ठेवला की वाढत जातो. संत्रं आडवं कापून हातानं पिळा, गाळा अन् लगेच वापरा.

बर्डीवाला: माप घ्या भाऊ, 60 मिली व्हिस्की, 30 मिली रस, 15 मिली लिंबू, 15 मिली साखरेचा पाक. लिंबू सोडू नका, आपलं संत्रं गोड हाय, आंबटपणा कमी पडते. शेकर नसला तर घट्ट झाकणाची बरणी चालते, बर्फाचे मोठे खडे टाकून 12-15 सेकंद जोरात हलवा, बाहेरून दव धरलं की थांबा. बारीक बर्फ लवकर वितळते, तो टाकला असन तर म्हणूनच पाणचट झालं तुमचं.

संत्रानगरी: अन् सालीचा तुकडा ग्लासवर मुरडा, तेलाचे बारीक थेंब उडताना दिसतात, अर्धी चव तर त्या वासातच हाय.

धरमपेठकर: आत्ताच केलं, कडूपणा अजिबात नाही, लय भारी जमलं भाऊ!