मदत हवी आहे: बर्मी 'आणि' डोळ्यांना एक, कॉम्प्युटरला दोन

मंडळी, रत्नागिरीच्या थिबा राजवाड्यावर चार पानी माहितीपत्रक करतोय. म्यानमारहून येणाऱ्यांसाठी त्यात बर्मी मजकूरही आहे. मला ती भाषा येत नाही, अक्षरं ओळखण्यापुरती शिकलोय. मजकूर दोघांनी टाइप करून पाठवला आणि घोळ तिथेच आहे.

'थिबा राजा आणि सुपयालत' (सुपयालत म्हणजे त्याची राणी) या ओळीतला 'आणि' दोन्ही फायलींत हुबेहूब सारखा दिसतो. तरी एकीतून कॉपी करून दुसरीत शोधला की सापडत नाही. कोड (युनिकोड या जागतिक प्रमाणातले अक्षरांचे क्रमांक; ई आणि ए हेही त्यात अंकच) उलगडले तर हे निघालं:

पहिली: १०१४ १०३ई १००४ १०३ए १०३७
दुसरी: १०१४ १०३ई १००४ १०३७ १०३ए

१०३ए म्हणजे असात, आपल्या पाय मोडण्याच्या खुणेचा बर्मी भाऊ (नावाचा अर्थच 'मारणं', अक्षरातला अ मारतो). १०३७ म्हणजे सूर बदलणारं खालचं टिंब. बरोबर क्रम कुठला? आणि सगळ्या फायली हाताने दुरुस्त करायच्या का?

उत्तर १
हाताने काही करू नका. युनिकोडच्या लेखी दोन्ही क्रम समानच आहेत. प्रत्येक जोडचिन्हाला एक क्रमवर्ग असतो: टिंबाचा ७, असातचा ९. सामान्यीकरण (सारख्या लिखाणाला एकच ठरलेलं रूप देणं) केलं की लहान वर्ग आधी येतो, म्हणजे तुमच्या दुसऱ्या फायलीसारखा. बऱ्याच जणांच्या बोटांना मात्र असात आधी मारायची सवय असते. पायथनमध्ये युनिकोडडेटा मॉड्यूलचं नॉर्मलाइझ 'एनएफसी' या ठरलेल्या रूपाने दोन्ही फायलींवर चालवा, शोध लागेल. मराठीतही हेच दुखणं आहे: 'दुसऱ्या'तला ऱ कुणी थेट टाइप करतो, कुणी र आणि नुक्ता.

एक सावधगिरी. १०३९ दिसला तर तो असात समजून बदलू नका. आपल्याकडे जोडाक्षर आणि पाय मोडणं दोन्ही एकाच खुणेवर भागतं. बर्मीत अक्षरं एकाखाली एक रचायला न दिसणारा १०३९ वेगळा आहे आणि दिसणारा असात वेगळा. हा वेगळा असात २००८ च्या ५.१ आवृत्तीत आला. त्याआधी १०३९ पुढे शून्य रुंदीचा विभाजक टाकून काम चालवत.

मूळ प्रश्नकर्ता
जमलं! दोन्ही जुळल्या. पण आता एक तिसरी, जुनी फाइल आली आहे. माझ्या मशीनवर तिचा नुसता चुराडा दिसतो, पाठवणाऱ्याच्या मशीनवर म्हणे सुरेख.

उत्तर १
मग ती झॉजी या जुन्या बर्मी फाँटमधली असणार. त्या फाँटने तेच कोड वेगळ्या अर्थाने वापरले: तिथे १०३९ हाच असात, १०३ए म्हणजे जोडलेला य, आणि टिंबाला १०३७ सोबत १०९४, १०९५ असे आणखी दोन कोड. देश अधिकृतपणे युनिकोडवर गेला १ ऑक्टोबर २०१९ ला, त्यामुळे जुन्या फायलींत हे हमखास भेटतं. खात्री करायची तर 'थिबा' शब्द उघडा. १०३१ हे स्वरचिन्ह १०१५ या व्यंजनाच्या आधी असेल तर झॉजी, नंतर असेल तर युनिकोड. दिसायला ते दोन्हीकडे आधीच दिसतं, आपल्या ऱ्हस्व वेलांटीसारखं. आधी झॉजीतून युनिकोडमध्ये बदला, मगच एनएफसी.

मूळ प्रश्नकर्ता
१०३१ आधीच आहे. बदलायला घेतो. छपाईआधी एखाद्या बर्मी वाचकाची नजर फिरवून घ्यायचीय, कुणाच्या ओळखीत असेल तर सांगा.