मदत हवी आहे : आजोबांच्या चाकूचं पातं निळं पडलंय

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा. घडीच्या जुन्या चाकूंचा नाद आहे, सात-आठ जमलेत. पण खिशात रोज एकच असतो, आजोबांचा. शिंगाची मूठ, साध्या पोलादाचं तीन इंची पातं. चादरीच्या मागावर ते यानंच सूत कापायचे. मी पेरू, पार्सलच्या दोऱ्या, पेन्सिली.

मागच्या आठवड्यात दारावर आलेल्या धारवाल्याकडे दिला, तिथंच चुकलो. पाणी न लावता त्यानं चाकावर असा दाबला की ठिणग्या उडाल्या आणि टोकाकडची अर्ध्या इंचाची कड निळी झाली. आता तेवढ्या भागाची धार दोन पेरूंत जाते. पाणी उतरलं म्हणतात, म्हणजे तापून पोलादाचा कडकपणा गेला, तेच हे असं वाटतं. बाकी पातं ठणठणीत आहे.

तर निळा भाग सहाणेवर हळूहळू घासून काढू, की पुन्हा पाणी द्यावं, म्हणजे पातं तापवून बुडवून कडक करावं लागेल? त्यासाठी मूठ उघडावी लागेल आणि शिंग तडकायची भीती वाटते. रिव्हेटही सैल झालंय. हलक्या हातोडीनं ठोकलं तर चालेल? शहरात कुणी जुना लोहार माहीत असेल तर सांगा.

आणि हो, गड्ड्याच्या (आमच्या सिद्धेश्वर यात्रेच्या) गर्दीत जाताना तो घरीच ठेवतो, त्यामुळे तो सल्ला नको.