इन्बी पार्कची कारकीर्द: ग्रँड स्लॅमचा वाद, हॉल ऑफ फेमचे गुण आणि तो संथ स्विंग

नववा_होल

इन्बी पार्क या कोरियन गोल्फपटूबद्दल कुठेही वाचायला घ्या, सात मेजर (वर्षातल्या सर्वात मोठ्या स्पर्धा), एलपीजीए या अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक टूरवरचे २१ विजय, रिओचं सुवर्ण, एवढ्यावर लेख संपतो. मला त्यामागचा हिशेब समजून घ्यायचा आहे. एव्हियाँ ही मेजर तिच्या नावावर नाही, तरी २०१५ मध्ये करिअर ग्रँड स्लॅम पूर्ण झाल्याचं सगळे कसं म्हणतात? पाचपैकी चार पुरतात का? दुसरं, २०१६ मध्ये वयाच्या २७व्या वर्षी ती हॉल ऑफ फेममध्ये कशी गेली? आणि २०१३ मध्ये पहिल्या तीन मेजर ओळीनं जिंकल्यावर चौथ्या वेळी नेमकं काय बिघडलं?

सगळ्यात मोठा प्रश्न खेळाचा. मनगट फारसं मोडत नाही, बॅकस्विंग (क्लब मागे नेणं) अगदी सावकाश, चेंडूही फार लांब जात नाही. अशा खेळावर जगात पहिला क्रमांक कसा मिळतो?

स्कोअरकार्ड_वाचक

आधी गुण, कारण तिथे वादाला जागाच नाही.

एलपीजीए हॉल ऑफ फेमला २७ गुण लागतात. साध्या विजयाला १, मेजरला २, वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या किताबाला १ आणि व्हेअर ट्रॉफीला, म्हणजे वर्षातल्या सर्वात कमी सरासरीला, १. आता तिचा हिशेब मांडा. २०१५ अखेर १७ विजय: २००८ मध्ये १, २०१२ मध्ये २, २०१३ मध्ये ६, २०१४ मध्ये ३ आणि २०१५ मध्ये ५. यातल्या ७ मेजर, म्हणजे १४ गुण. उरलेल्या १० विजयांचे १०. झाले २४. व्हेअर ट्रॉफी दोनदा, २०१२ आणि २०१५. सर्वोत्तम खेळाडू एकदा, २०१३, आणि हा किताब मिळवणारी ती पहिली कोरियन. एकूण बरोबर २७, ना एक कमी ना एक जास्त. सत्ताविसावा गुण नोव्हेंबर २०१५ मध्ये व्हेअर ट्रॉफीनं दिला.

मग २०१६ पर्यंत थांबावं का लागलं? तेव्हाच्या नियमानुसार टूरवर दहा वर्षं पूर्ण हवी होती आणि वर्ष मोजलं जायला त्या वर्षात किमान १० स्पर्धा खेळणं भाग होतं. ती टूरवर आली २००७ मध्ये, म्हणजे २०१६ हे दहावं वर्ष. त्या वर्षी डाव्या अंगठ्याचं दुखणं होतं, तरी दहा स्पर्धा भरायच्याच होत्या. दहावी स्पर्धा म्हणजे जूनमधली वॉशिंग्टन राज्यातल्या सहाली क्लबवरची महिला पीजीए. पहिली फेरी पूर्ण केली आणि पात्रता पक्की झाली. कट, म्हणजे पुढच्या फेऱ्यांसाठीची पात्रता, मात्र हुकला.

मार्च २०२२ मध्ये ही दहा वर्षांची अट काढली आणि ऑलिंपिक सुवर्णाला १ गुण ठेवला. न्यूझीलंडच्या लिडिया कोला सत्ताविसावा गुण ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसच्या सुवर्णानंच मिळाला. वय तिचंही २७, पण महिन्यांच्या फरकानं इन्बीपेक्षा लहान. त्यामुळे 'सर्वात तरुण' हा मान आता लिडियाकडे आहे. बरेच जुने लेख अजून इन्बीचंच नाव देतात, तेवढं जपून वाचा.

लिंक्सप्रेमी

ग्रँड स्लॅमबद्दल. एव्हियाँला मेजरचा दर्जा २०१३ पासून मिळाला. इन्बीनं ती स्पर्धा २०१२ मध्ये जिंकली, तेव्हा तिचं नाव एव्हियाँ मास्टर्स होतं आणि ती मेजर नव्हती. एक वर्षाचा फरक! एलपीजीएची व्याख्या अशी की, कारकिर्दीत चार वेगवेगळ्या मेजर जिंकल्या की करिअर ग्रँड स्लॅम झाला. तिच्याकडे क्राफ्ट नॅबिस्को (आताची शेव्हरॉन), महिला पीजीए, यूएस ओपन आणि ब्रिटिश ओपन या चार आहेत. पाच वेगवेगळ्या मेजर जिंकणारी एकटी कॅरी वेब, आणि तिच्या पाचांतली डू मॉरिए आता मेजरच राहिलेली नाही.

माझं मत स्पष्ट आहे, चार पुरतात. मेजरची यादी महिलांच्या गोल्फमध्ये सतत बदलत आली आहे. कुठल्या वर्षी कुठली स्पर्धा मोठी ठरवली याचा भार खेळाडूच्या डोक्यावर का टाकायचा? तिच्या आधी हे जमलेल्या सहा जणी: लुईस सग्ज, मिकी राइट, पॅट ब्रॅडली, ज्युली इंकस्टर, कॅरी वेब, अनिका सोरेनस्टॅम. या रांगेत सातवं नाव लागणं पुरेसं बोलकं आहे.

ती चौथी मेजर कशी आली हेही बघा. ब्रिटिश ओपन, टर्नबेरी, २०१५, फेऱ्या ६९, ७३, ६९ आणि ६५. शेवटच्या दिवशी दुसऱ्या-तिसऱ्या होलवर बर्डी (पारपेक्षा, म्हणजे होलला ठरलेल्या फटक्यांपेक्षा, एक कमी), लगेच चौथ्या-पाचव्यावर बोगी (एक जास्त). म्हणजे पाच होल झाले आणि हिशेब पुन्हा शून्यावर. तिथून सातव्या ते दहाव्या होलवर ओळीनं चार बर्डी, चौदाव्यावर ईगल (दोन कमी). पुढे होती वीस वर्षांची को जिन-यंग, तोवर पाश्चात्त्य जगात फारशी कुणाला माहीत नसलेली. सोळाव्या होलवर ग्रीनच्या (खड्ड्याभोवतीच्या बारीक गवताच्या) अगदी पुढ्यातून ओढा जातो. तिथे कमी क्लब घेतला किंवा चेंडूला फिरकी जास्त लागली की चेंडू उतारावरून मागे घरंगळत पाण्यात. कोचा चेंडू तिथेच गेला आणि डबल बोगी झाली. इन्बीनं त्याच होलवर बर्डी केली. तीन फटक्यांनी विजय, एकूण १२ अंडर, म्हणजे पारपेक्षा १२ कमी.

मंदगती

खेळाबद्दल मी लिहितो. पहिल्यांदा आकडे कसे वाचायचे ते, कारण गैरसमज तिथूनच सुरू होतो.

फेरीतल्या एकूण पटवरून, म्हणजे ग्रीनवर चेंडू होलकडे ढकलण्याच्या फटक्यांवरून, पटिंग ओळखू नका. समजा एकीनं १४ ग्रीन वेळेत, म्हणजे पारला दोन फटके राखून, गाठली आणि ३० पट घेतले. दुसरीनं ८ गाठली आणि २८ घेतले. कागदावर दुसरी चांगली दिसते. प्रत्यक्षात दहा ग्रीन हुकल्यावर ती जवळून चिप करून चेंडू होलपाशी ठेवत होती, त्यामुळे पट आपोआप कमी लागले. म्हणून आकडा बघायचा तो वेळेत गाठलेल्या ग्रीनवर सरासरी किती पट लागले याचा. २०१२ आणि २०१३ मध्ये या यादीत इन्बी पहिली होती. पाच-सहा मीटरचा पट, जो बाकीच्या दोनमध्ये संपवतात, तो ती वारंवार एकात संपवते. चार दिवसांत असे पाच-सहा पट म्हणजे स्पर्धेचा निकाल.

स्विंगचं म्हणाल तर ती मनगट पूर्ण मोडत नाही. सहसा असं केलं की वेग जातो. तिचं बिघडत नाही, कारण मनगटाची उणीव ती खांद्यांच्या पूर्ण वळणानं भरून काढते. फिरणारे भाग कमी, त्यामुळे इंपॅक्टला, म्हणजे चेंडूला क्लब लागताना, क्लबफेस जवळजवळ तसाच परत येतो. दडपणाखाली बिघडायला शिल्लकच थोडं राहतं.

क्लबवरचे हौशी खेळाडू तिची नक्कल करताना एक चूक हमखास करतात. हात सावकाश नेतात, पण खांदे अर्ध्यात थांबवतात. वर पोचल्यावर ताकद कमी पडतेय असं वाटतं आणि खाली येताना उजवा खांदा झटका मारतो. चेंडू डावीकडे खेचला जातो किंवा उजवीकडे मोठी स्लाइस. तिचा वेग उचलायचा असेल तर सुरुवात सात नंबरच्या आयर्नपासून करा. पाठ लक्ष्याकडे पूर्ण वळली का ते बघा, वर क्षणभर थांबा आणि मगच खाली या. ड्रायव्हर शेवटी. तेवढ्यानं अंतर थोडं घटेल. घटू द्या, दिशा आधी.

पटरबद्दलही एक सांगायला हवं. ती वर्षानुवर्षं मॅलेट वापरायची, मोठ्या डोक्याचा. २०१८ मध्ये नवऱ्यानं, म्हणजे तिचाच प्रशिक्षक नाम गी-ह्योब यानं, ब्लेड, म्हणजे पातळ डोक्याचा पटर, वापरून बघायला सुचवलं. कारण साधं होतं. मॅलेट मध्याबाहेर लागलेला चेंडूसुद्धा सांभाळून घेतो, त्यामुळे चूक कुठे होतेय ते दिसतच नाही. ब्लेडवर ती लगेच कळते. तो पटर घेऊन तिनं त्या मार्चमध्ये फाउंडर्स कप जिंकला आणि एप्रिलमध्ये पुन्हा पहिल्या क्रमांकावर आली.

लिंक्सप्रेमी

२०१३ राहिलंच. पहिल्या तीन मेजर ओळीनं म्हणजे १९५० मध्ये बेब झहारियसनं केलं त्यानंतर प्रथमच. पण तिन्ही विजय एका जातीचे नव्हते. क्राफ्ट नॅबिस्को चार फटक्यांनी, यूएस ओपन सेबोनॅकवर चार फटक्यांनी, दोन्ही एकतर्फी. मधली एलपीजीए चँपियनशिप (आताची महिला पीजीए) मात्र हातातून जाता जाता वाचली. पहिला दिवस पावसात वाहून गेल्यामुळे रविवारी ३६ होल खेळावे लागले. शेवटच्या फेरीत तिचा ड्रायव्हर भरकटला, ७५ झाले, आणि कॅट्रिओना मॅथ्यूविरुद्ध प्लेऑफच्या तिसऱ्या होलवर सुटका झाली.

सेंट अँड्र्यूजला ब्रिटिश ओपनमध्ये ६९ नं सुरुवात केली. पुढे ७३, ७४ आणि ७८, संयुक्त ४२वी. सोसाट्याच्या वाऱ्यानं शनिवारचा खेळ थांबला आणि रविवारी पुन्हा ३६ होल. तिथल्या ओल्ड कोर्सची बरीच ग्रीन दोन होलना मिळून एकच असतात, त्यामुळे २५-३० मीटरचे पट सर्रास येतात. वाऱ्यात चेंडू हलू नये म्हणून अशा ठिकाणी गवत फार बारीक कापत नाहीत, म्हणजे ग्रीनही संथ. जिचा सगळा खेळ पटच्या वेगाच्या अंदाजावर उभा आहे, तिला यापेक्षा अवघड परीक्षा नाही. यात मानसिक कणखरपणाची उणीव शोधणारे लेख मला पटत नाहीत.

नववा_होल

सगळ्यांचे आभार, हिशेब आता नीट बसला. आणखी एक: २००८ मध्ये १९व्या वर्षी यूएस ओपन जिंकली, मग २०१२ पर्यंत एलपीजीए टूरवर एकही विजय नाही. आणि रिओच्या आधी तर ती जखमी होती ना?

स्कोअरकार्ड_वाचक

त्या चार वर्षांत ती संपली नव्हती, जपानच्या टूरवर जिंकत होती. २००८ चा विजयही योगायोगाचा म्हणता येत नाही. इंटरलॅकन कोर्सवर शेवटच्या दिवशी पुढे असलेल्या स्टेसी लुइस आणि पॉला क्रीमर दोघींनी ७८ केले, हिनं ७१. चार फटक्यांनी जिंकली आणि ती स्पर्धा जिंकणारी सर्वात तरुण खेळाडू ठरली. पण पुढे अपेक्षा आणि फटक्यांतला बेभरवसा दोन्ही एकदम वाढले. नाम गी-ह्योब प्रशिक्षक म्हणून सोबत फिरू लागल्यावर आयर्नचे फटके स्थिरावले. पटिंग आधीपासून होतंच. फरक एवढाच पडला की आता बर्डीच्या पटची संधी जास्त वेळा मिळू लागली.

एका गोष्टीकडे दुर्लक्ष होतं. १९९८ मध्ये से-री पाकनं यूएस ओपन जिंकली तेव्हा इन्बीला दहावं वर्ष पूर्ण व्हायला काही दिवसच बाकी होते आणि त्यानंतरच तिनं क्लब हातात घेतला. शिन जी-याय, चोई ना-यान, किम इन-क्युंग या सगळ्या तिच्याच वयाच्या आसपासच्या. २०१३ च्या यूएस ओपनला दुसरी आली तीही किम इन-क्युंगच. कोरियात जिंकणं हेच तिच्यासाठी अमेरिकेपेक्षा अवघड होतं असं मी म्हणेन.

रिओचं. सहालीनंतर तिनं यूएस ओपन आणि ब्रिटिश ओपन दोन्ही सोडल्या. ऑलिंपिकच्या तोंडावर जेजू बेटावर एक कोरियन स्पर्धा खेळली, तिथे कट हुकला. तिनं जागा दुसरीला द्यावी, अशी टीका कोरियात झाली. नियम असा की पहिल्या पंधरातल्या असतील तर एका देशाच्या चार जणी, आणि कोरियात पाचव्या-सहाव्या क्रमांकाची खेळाडूसुद्धा पदकाच्या तोडीची. त्यामुळे ती टीका समजण्यासारखी होती. संघाची प्रशिक्षक होती से-री पाक. इन्बीच्या फेऱ्या ६६, ६६, ७०, ६६. तिसऱ्या दिवशी वारा होता, तिथे पार ७१ वर ७० टिकवले तेव्हाच सुवर्ण निम्मं हातात आलं. शेवटच्या दिवशी तिसऱ्या ते पाचव्या होलवर सलग तीन बर्डी केल्यावर मागच्यांना जागाच उरली नाही. १६ अंडर, लिडिया को पाच फटके मागे, फेंग शानशान तिसरी. आपली अदिती अशोक तेव्हा १८ वर्षांची होती आणि पहिल्या दोन दिवसांनंतर पहिल्या दहांत होती, शेवटी ४१वी आली.

मंदगती

अंगठ्याच्या दुखण्यात तिचा स्विंग उलट उपयोगी पडला असावा. मनगट जास्त मोडणाऱ्यांचा डावा अंगठा बॅकस्विंगच्या टोकाला क्लबचा सगळा भार घेतो.

क्रमवारीबद्दलही लिहून ठेवतो, कारण नंतरच्या वर्षांत ती खाली का गेली हे विचारलं जातंच. जागतिक क्रमवारी दोन वर्षांच्या गुणांवर ठरते. ताज्या १३ आठवड्यांना पूर्ण वजन, नंतर ते हळूहळू उतरतं. गुणांना भागायचं ते स्पर्धांच्या संख्येनं, पण भाजक किमान ३५. दोन वर्षांत २५ स्पर्धा खेळलात तरी ३५ नंच भागणार. २०१६ नंतर ती मोजकंच खेळली, त्यामुळे चांगलं खेळूनही सरासरी मार खायची. एकूण १०६ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली, त्यातले बरेचसे २०१३ ते २०१५ मधले. विसावा विजय ऑस्ट्रेलियन ओपन, २०२०. एकविसावा किया क्लासिक, २०२१.