दोनदा फवारणी झाली, तरी ढेकूण जात नाहीत (सिडको, नाशिक)

पवननगरची सूनबाई

नमस्कार. खूप दिवस लिहू की नको असं चाललं होतं. शेवटी आज लिहितेय, कारण आता झोपेचं पार खोबरं झालंय.

आम्ही सिडकोत राहतो. योजनेतलं जुनं घर आहे, दोन खोल्या आणि वर वाढवलेली एक. शेजारचं घर आणि आमचं घर यांच्यात एकच भिंत. घरात मी, हे, सासूबाई आणि मुलगी. मुलीची दहावी आत्ताच संपली.

संक्रांतीच्या सुमारास मुलीच्या दंडावर एका ओळीत चार-पाच गांधी उठल्या. आधी डास वाटले, मग पित्त वाटलं. डॉक्टरांनी ॲलर्जीच्या गोळ्या दिल्या, तेवढ्यापुरतं बरं वाटलं. पंधरा दिवसांनी दिवाणावरच्या गादीची खोळ काढली तर शिवणीवर काळे ठिपके. ओल्या फडक्यानं पुसले तर शाईसारखे पसरले. त्या रात्री तीन वाजता उठून मोबाईलची बॅटरी मारली आणि उशीच्या कडेला एक चालताना दिसला, मसुराच्या डाळीएवढा. नखानं चिरडला तर शिळ्या कोथिंबिरीसारखा उग्र वास आला. मी तशीच पहाटेपर्यंत बसून राहिले.

मग सगळं घर धुऊन काढलं. फवारणीवाला बोलावला. 1800 रुपये घेतले आणि म्हणाला, एका फवारणीत संपतील, सहा महिने बघायला नको. बारा दिवस खरंच शांत गेले. त्यानंतर पुन्हा सुरू, आणि आता बाहेरच्या खोलीतही, कारण फवारणीनंतर आम्ही सगळे चार-पाच दिवस बाहेर झोपत होतो. तो माणूस फोन उचलेना. मार्चमध्ये दुसऱ्याला बोलावलं, तीच गत झाली. सासूबाई त्याच दिवाणावर झोपतात, पण त्यांच्या अंगावर एक डाग नाही. त्या म्हणतात, तुमचंच काहीतरी बिनसलंय.

आम्ही मूळचे धुळ्याकडचे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नणंद माहेरी येते, तिची मुलं वर्षभर वाट बघतात. मी तिला फोनवर सांगितलं की घरात रंगकाम काढलंय, यंदा नको. असं खोटं मी तिच्याशी कधी बोलले नव्हते. ढेकूण झालेत म्हटलं तर लोक घर घाणेरडं आहे असंच समजतात, आणि मी तर रोज दोनदा फरशी पुसते.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. लाकडी दिवाण फेकून द्यावा का? सासऱ्यांनी सुताराकडून करून घेतलेला आहे, सासूबाईंचा जीव अडकलाय त्यात. दुसरं, माझ्या दिरानं गावाहून गव्हाच्या कोठीत ठेवायच्या गोळ्या आणल्यात, चार आहेत. घर बंद करून दोन दिवस गावी गेलो आणि त्या आत ठेवल्या तर चालेल का? शेजारच्या काकू म्हणतात, हमखास उपाय आहे.

स्टाफ नर्स, नाशिकरोड

ताई, बाकीचं नंतर वाचा, आधी एवढं करा. त्या गोळ्यांचा डबा उघडू नका. गोळी सुटी असेल तर तिला पाणी लागू देऊ नका, ओल्या हातानं धरू नका, मोरीत किंवा संडासात टाकू नका. डबा घट्ट बंद करून घराबाहेर, मोकळ्या हवेत, मुलांचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी ठेवा, आणि दिरांना सांगा की जिथून आणल्या त्या कृषी सेवा केंद्रात परत द्या.

ही ॲल्युमिनियम फॉस्फाईडची गोळी. हवेतला दमट अंश लागला की तिच्यातून फॉस्फिन वायू सुटतो. धान्याच्या गोदामात, सगळं सील करून, शिकलेल्या माणसांनी वापरायची ती वस्तू आहे. तुम्ही गावी गेलात तरी तुमची भिंत शेजाऱ्यांची आहे. वायू फटीतून, वायरिंगच्या पाइपातून पलीकडे जातो. पलीकडे झोपलेल्या लेकराला काय होतंय ते कुणाला कळायच्या आत उशीर झालेला असतो. वास येईल तेव्हा बाहेर पडू, या भरवशावरही राहू नका. या विषावर उतारा नाही. मी हे पेशंट पाहिलेत. नातेवाईक सारखं विचारतात, इंजेक्शन आहे ना काहीतरी? आणि आमच्याकडे द्यायला नसतं. म्हणून एवढ्या कळकळीनं लिहितेय.

सासूबाईंचं म्हणाल तर त्यांनाही चावत असणार. चावल्यावर गांधी उठणं ही शरीराची प्रतिक्रिया आहे, आणि कित्येकांच्या, विशेषतः वयस्कर माणसांच्या अंगावर काहीच उठत नाही. मुलीला खाज आली की गार पाण्याची पट्टी आणि कॅलामाइन लावा, नखं बारीक ठेवा. ढेकणामुळे माणसांत रोग पसरतो असं सिद्ध झालेलं नाही, त्या काळजीत राहू नका. खाजवून जखम चिघळली तर मात्र दाखवून घ्या.

रामकुंडाजवळचा लॉजवाला

ताई, आमचा पंचवटीत छोटा लॉज आहे, वडिलांच्या काळापासून. यात्रेकरू येतात, एक रात्र राहतात, सकाळी स्नान करून त्र्यंबकला जातात. त्यामुळे ढेकणाशी आमची ओळख जुनी. 2015 च्या सिंहस्थात 29 ऑगस्टच्या पहिल्या पर्वणीआधी मी गर्दीसाठी चाळीस गाद्या भाड्यानं आणल्या आणि आठवड्यात सहा खोल्या गमावल्या. त्यातून जे शिकलो ते सांगतो.

सगळ्यात आधी मनातली लाज काढा. ढेकणाला घाण लागत नाही, माणसाचं रक्त लागतं. तो बॅगेतून येतो, भाड्याच्या गादीतून येतो, जुन्या फर्निचरमधून येतो आणि भिंतीतूनही येतो. तुमची भिंत सामाईक आहे म्हणताय, तर आजच शेजारी विचारा. एका घरात फवारलं की काही मरतात आणि उरलेले पलीकडे पांगतात. दोन्ही घरांचं काम एका दिवशी झालं नाही तर तुम्ही वर्षभर हेच करत बसाल.

बारा दिवस शांत गेले म्हणालात, त्यातच सगळं आलं. औषधानं चालते ढेकूण मेले, अंडी राहिली. अंडं असतं जेमतेम एक मिलिमीटरचं, पांढुरकं, फटीत चिकटवलेलं. त्यावर फवाऱ्याचा फारसा परिणाम होत नाही. सहा ते दहा दिवसांत ते फुटतं. पिल्लू रव्याच्या कणासारखं फिकट, रक्त प्यालं की लाल दिसतं. पाच वेळा कात टाकून ते मोठं होतं आणि दर वेळी त्याला एकदा तरी रक्त प्यावं लागतं. म्हणून दुसरी फवारणी पहिल्यानंतर दहा ते चौदा दिवसांत व्हायलाच हवी, पिल्लं अंडी घालायच्या वयाला येण्याआधी. बहुतेक ठिकाणी तिसरीही लागते. एकदाच येऊन पैसे नेणाऱ्यानं तुमचं अर्धं काम केलं आणि पूर्ण कामाचे घेतले.

औषधाचं नावही विचारत जा. डासांसाठी वापरतात त्याच जातीच्या औषधांना बऱ्याच ठिकाणचे ढेकूण आता दाद देत नाहीत. हे नवीन नाही. 1953 पासून मलेरियासाठी घरोघर डीडीटी मारायला लागले. वडील सांगायचे, सुरुवातीला ढेकूणही पटापट पडायचे आणि काही वर्षांनी डीडीटीच्या पावडरीवरून चालत जायला लागले. फवारणीवाल्याकडे कृषी विभागाचा परवाना आहे का बघा आणि दुसऱ्या फेरीची तारीख पावतीवर लिहून घ्या.

दिवाण फेकू नका. जुन्या सागाचा असेल तर मुळीच नको. अंगणात आणा, उलटा करा आणि एकेक स्क्रू काढा. मी पहिल्यांदा असं केलं तेव्हा एका स्क्रूच्या भोकात सात निघाले, एकाला एक चिकटून. फळीच्या सांध्यात एखादं जुनं प्लास्टिकचं कार्ड घालून ओढा. काळं, पांढरं, कातीचे पापुद्रे, सगळं बाहेर येतं. खाली पांढरा कागद अंथरा म्हणजे काय पडलं ते दिसेल. मग वाफ द्या. पन्नास अंशांच्या वर ढेकूण टिकत नाही, अंडंही टिकत नाही. कपड्यांना वाफ मारायचं छोटं यंत्र मिळतं ते घ्या आणि फटीवरून हळूहळू न्या, घाई केली तर लाकूड आत गार राहतं. सांधे कोरडे झाले की फेविकॉलमध्ये भुसा कालवून भोकं बुजवा. रॉकेल ओतायला कुणी सांगेल, ऐकू नका. लाकूड रॉकेल पितं आणि पुढं एका ठिणगीचं काम असतं.

गादीला ऊन द्या, पण उन्हावर सगळा भार टाकू नका. जाड कापसाच्या गादीचा गाभा तापत नाही आणि ढेकूण खालच्या सावलीच्या बाजूला सरकतात. शिवणीवर ओलं फडकं ठेवून कडक इस्त्री फिरवा. चादरी, अभ्रे, पडदे उकळत्या पाण्यात. गादी टाकायचीच असेल तर फाडून मगच घंटागाडीत द्या, नाहीतर कुणीतरी गरीब ती उचलून घरी नेईल.

एक चूक तुमच्याकडून झाली, ती सगळ्यांकडून होते. फवारणीनंतर तुम्ही बाहेरच्या खोलीत झोपलात. ढेकूण श्वासाच्या आणि अंगाच्या उबेच्या मागं येतो. औषध वाळलं, फवारणीवाल्यानं सांगितलेली वेळ झाली की नेहमीच्याच जागी झोपा. दिवाण भिंतीपासून वीतभर लांब ओढा, चादर जमिनीला टेकू देऊ नका. दिवाण चार ठोकळ्यांवर उचला आणि ठोकळे पसरट वाट्यांत ठेवा. वाटीत साबणाचं पाणी आणि चमचाभर तेल. नुसती कोरडी स्टीलची वाटी पुरत नाही, गरम प्रदेशातला ढेकूण गुळगुळीत भिंतही चढतो. रोज सकाळी वाटीत किती पडले ते कॅलेंडरवर लिहा. घर सुधारतंय की नाही हे तो आकडाच सांगेल.

आणि नणंदेला खरं सांगा. ती तुमच्या घरची आहे.

सातपूर, कॉट बेसिस

आमच्या खोलीत पाच जण, तीन शिफ्ट. एक उठतो तेव्हा त्याच कॉटवर दुसरा झोपतो. ढेकूण फक्त अंधारात येतात असं वाटायचं, पण आमच्याकडे भर दुपारी यायचे, कारण कॉट कधी रिकामीच नसायची. लोखंडी कॉट असेल तर गच्चीवर नेऊन पोकळ पाइपात उकळतं पाणी ओता आणि पाइपाची तोंडं एम-सीलनं बंद करा. आमचं निम्मं काम तेवढ्यानंच झालं. आता गावाहून आलेली बॅग आम्ही कॉटवर ठेवत नाही. काळ्या पिशवीत बांधून आधी उन्हात, मग घरात.

पवननगरची सूनबाई

सात आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांचे आभार, आणि नर्सताईंचे वेगळे. गोळ्या त्याच संध्याकाळी ह्यांनी परत दिल्या.

शेजारी विचारायला मला दोन दिवस लागले. काकूंच्या सुनेला दारातच म्हटलं, आमच्याकडे ढेकूण झालेत, तुमच्याकडे काही जाणवतं का? ती माझ्याकडे बघत राहिली आणि रडायलाच लागली. तिच्या लहान मुलाला दिवाळीपासून गांधी उठत होत्या. त्यांनी डिसेंबरात गुपचूप फवारणी करून घेतली होती. म्हणजे संक्रांतीला माझ्याकडे आले ते तिथून आले असतील, किंवा कदाचित आमच्याकडूनच आधी तिकडे गेले असतील. आम्ही दोघींनी तो हिशोब काढायचाच नाही असं ठरवलं.

दोन्ही घरांत एकाच दिवशी काम केलं. यावेळचा फवारणीवाला तीनदा आला, तेरा-तेरा दिवसांच्या अंतरानं. मधल्या भिंतीतले स्विचबोर्ड वायरमनकडून उघडून घेतले, पाइपाच्या तोंडाशी कातींचा भुगा होता. दिवाण अंगणात उलटा केला तेव्हा सासूबाई खुर्ची टाकून शेजारी बसल्या. पाटाखालच्या पट्टीमागून कार्ड ओढलं आणि कागदावर पडलेलं त्यांनी चष्मा लावून पाहिलं. काही बोलल्या नाहीत. मग स्वतः उठून आतून टॉर्च घेऊन आल्या आणि मला प्रत्येक सांधा दाखवत गेल्या. दिवाण घरातच आहे, चार ठोकळ्यांवर.

वाट्यांचे आकडे: पहिला आठवडा 11, दुसरा 4, तिसऱ्यात 6 (तेव्हा पिल्लं होती), मग 1, मग शून्य. आज एकोणीस दिवस झाले, शून्यच आहे.

नणंदेला खरं सांगितलं. ती म्हणाली, वहिनी, रंगकाम म्हणालीस तेव्हाच मला कळलं होतं काहीतरी आहे, पण मला वाटलं माझंच काही चुकलं. ते ऐकून फार लागलं. आखाजीला ती आली नाही, आम्हीच नको म्हटलं. मेच्या पहिल्या आठवड्यात मुलांना घेऊन आली. बॅगा गच्चीवर उन्हात ठेवल्या, मुलं दिवाणावर आडवी झोपली. जाताना बॅगा तिच्यासमोरच उघडून शिवणी तपासल्या, तिनंही काही मनाला लावून घेतलं नाही.

काका, अजून रोज तीनच्या सुमारास जाग येते आणि हात आपोआप बॅटरीकडे जातो. वाट्या किती दिवस ठेवू?

रामकुंडाजवळचा लॉजवाला

शेवटचा दिसल्यापासून दोन महिने तरी ठेवा, पाणी दर दोन दिवसांनी बदला. शेजारच्या ताईंनाही ठेवायला सांगा.